दारावरची पाटी

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे पेढ्यांचें बोलावणें होतें. घर पुण्याच्या सदाशिव पेठेंतलें, तीन पिढ्यांची एकच चूल असलेलें. स्नेही निवृत्त मुख्याध्यापक. घरांतलीं लहानथोर सगळीं त्यांना आप्पा म्हणतात. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांची कन्या सी. ए.ची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली, त्याचा हा आनंद होता. ही परीक्षा किती कठीण, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांच्या घरांत कोणी तिला बसलें असेल, त्यांनीं मध्यरात्रीपर्यंत जळणारा दिवा आणि पहाटे वाजणारें घड्याळ पाहिलेंच आहे.

आम्ही पोंचलों तेव्हां घरांत पेढे होते, पाहुणे होते, परंतु बोलत कोणीच नव्हतें. बैठकीच्या खोलींत टेबलावर एक नवी कोरी पितळी पाटी ठेवलेली होती. तिच्यावर मुलीचें नांव, नांवाआधीं सी. ए. हीं अक्षरें, आणि वरच्या बाजूस पंख पसरलेला एक सुरेख गरुड. ही पाटी आप्पांनीं कोणास न सांगतां करवून आणली होती. पाहुण्यांसमक्ष ती दारावर लावावी असा त्यांचा बेत, आणि नात हलक्या आवाजांत म्हणत होती, "आप्पा, ही लावूं नका."

"अगं, चोरी का केली आहेस? पास झालीस ना?" आप्पा म्हणाले.

"पास झालें, पण सभासद अजून झालें नाहीं. आणि हा गरुड तर मला सभासद झाल्यावरहि लावतां यायचा नाहीं."

डॉक्टर काकांनीं मध्यें पडून गोष्ट हंसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "नियम पुस्तकांत असतात. माझ्या गाडीवर पंधरा वर्षें तांबडा क्रॉस आहे, कोणी विचारलें आहे का?" काकू वकिली करतात, त्यांनीं नुसतें नवऱ्याकडे पाहिलें. शेवटीं आप्पा आमच्याकडे वळले. "तुम्ही लिहितां सवरतां. तुम्हीच सांगा, आजोबानें नातीच्या नांवाची पाटी लावली तर कोणाचें काय बिघडतें?"

आम्हांस त्या वेळीं पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. पाटी वर्तमानपत्रांत गुंडाळून कपाटांत गेली. पेढे वांटले गेले, पण आप्पांचा चेहरा उतरला तो उतरलाच. घरीं येऊन आम्हीं त्या विषयाचे नियम वाचले, जाणत्यांस विचारलें. आणि हा प्रश्न एकट्या आप्पांचा नव्हे असें वाटल्यावरून तें उत्तर या महिन्याच्या पानांत देत आहों.

प्रथम त्या दोन अक्षरांविषयीं. 'चार्टर' म्हणजे सनद. एडिंबरो येथील हिशेबनिसांच्या मंडळाला १८५४ सालीं राजसनद मिळाली, आणि त्या मंडळाचे सभासद आपल्या नांवापुढें 'सी. ए.' हीं अक्षरें लावूं लागले. अक्षरांस वजन आलें, तशी त्यांच्यासारखींच दिसणारीं अक्षरें निघालीं. दुसऱ्या एका मंडळाचे लोक 'एम. सी. ए.' असें लिहूं लागले, तेव्हां एडिंबरोच्या मंडळानें कोर्टांत दाद मागितली आणि १८९३ सालीं तें थांबविलें. एका अक्षरासाठीं एवढा खटाटोप कां, असें कोणी म्हणेल. परंतु पैसे सोंपविणारा मनुष्य हिशेब तपासूं शकत नाहीं. तो अक्षरें पाहून विश्वास टाकतो. अक्षरेंच फसवीं निघालीं तर त्याला दुसरा आधार उरत नाहीं.

आपल्याकडे या विद्येचा पाया मुंबईंत घातला गेला. मुंबई सरकारनें १९१८ सालीं हिशेबविद्येची 'जी. डी. ए.' ही पदविका सुरू केली. १९३२ सालीं नवे नियम होऊन 'रजिस्टर्ड अकाउंटंट' हें नांव आलें. या व्यवसायांतील देशांतल्या पहिल्या महिला आर. शिवभोगम १९३३ सालच्या, हें आमच्या भगिनींनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला, तो १ जुलै १९४९ रोजीं अमलांत आला, आणि त्याच कायद्यानें 'इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. मुंबईचे जी. पी. कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. राजाची सनद येथें नव्हती. तिच्या जागीं देशाचा कायदा आला, पण नांव तेंच राहिलें.

या कायद्याच्या सातव्या कलमांत पदनामाचा नियम आहे. जो सभासद व्यवसाय करतो त्यानें 'चार्टर्ड अकाउंटंट' हें पदनाम लावावयाचेंच; जो सभासद व्यवसाय करीत नाहीं, नोकरींत आहे, त्यानें वाटल्यास लावावें. दोन्ही वाक्यांत शब्द 'सभासद' असा आहे, 'उत्तीर्ण' असा नाहीं. परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची, नेमलेली उमेदवारी पुरी करावयाची, मग संस्थेकडे अर्ज करून सभासदत्व घ्यावयाचें. तेव्हां कोठें क्रमांक मिळतो आणि अक्षरांवर अधिकार येतो. स्वतंत्र व्यवसाय करावयाचा तर त्यासाठीं आणखी एक प्रमाणपत्र घ्यावें लागतें. सभासद नसतां सभासद असल्याचें भासविणें हा त्याच कायद्यानें गुन्हा आहे. नात म्हणत होती तें अक्षरशः खरें होतें. निकाल आणि अधिकार यांच्यामध्यें कांहीं आठवड्यांचेंच अंतर असेल. परंतु तें अंतर आहे.

असें अंतर इतर विद्यांतहि असतें. वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुढें रुग्णालयांत उमेदवारी करतो आणि वैद्यक परिषदेकडे नांव नोंदवितो. कायद्याचा पदवीधर बार कौन्सिलची सनद घेतल्यावांचून वकील होत नाहीं. साखरपुडा झाला म्हणून कोणी मुलीला सासरच्या नांवानें हांक मारीत नाहीं, तसेंच हें. 'बी. ए. (नापास)' अशा पाट्या एके काळीं लागत असें वृद्ध माणसें हंसत सांगतात. त्या पाटीनें निदान कंसांत खरें सांगितलेलें असे!

आतां त्या गरुडाविषयीं. हें संस्थेचें राजचिन्ह म्हणावें असें चिन्ह. संस्था स्थापन होत असतां सी. एस. शास्त्री या मद्रासच्या गृहस्थांनीं श्री अरविंदांस पत्र लिहून बोधचिन्ह मागितलें; अरविंदांनीं कठोपनिषदांतील वचन दिलें. सगळे निजलेले असतां जो जागा असतो, त्याच्याविषयींचें तें वचन आहे. हिशेब तपासणाऱ्यास याहून योग्य बोधवाक्य सांपडणें कठीण. परंतु हा गरुड आणि हें वचन संस्थेचें आहे. सभासदानें तें आपल्या पाटीवर, पत्रावर किंवा भेटकार्डावर घालावयाचें नाहीं. सभासद हा संस्थेंतला एक आहे, तो स्वतः संस्था नव्हे. गांवच्या देवळाचा कळस कोणी आपल्या घरावर बसवीत नाहीं, मग तो देवळाचा कितीहि मोठा भक्त असो.

सभासदांसाठीं संस्थेनें निराळा लोगो केला आहे. त्यांत निळ्या रंगांत सी. ए. हीं अक्षरें आणि त्यांच्याशेजारीं तपासनिसाची ती ओळखीची बरोबरची खूण, पण उलटी. हिशेबाच्या प्रत्येक रकमेपुढें तपासनीस अशीच खूण करीत जातो. पूर्वीं ही खूण हिरवी होती. नोव्हेंबर २०२३ मध्यें गांधीनगर येथें भरलेल्या परिषदेंत नवा लोगो प्रसिद्ध झाला; त्यांत खूण तिरंगी झाली आणि 'इंडिया' हा शब्द आला. लोगो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच घ्यावयाचा. रंग बदलावयाचे नाहींत, अक्षरांची ठेवण मोडावयाची नाहीं. पितळेच्या पिवळ्या पत्र्यावर तो शोभेसाठीं कोरला तर शोभा राहील, पण लोगो राहणार नाहीं.

२०२० सालीं अमलांत आलेल्या संस्थेच्या नीतिसंहितेंत आणखी एक गोष्ट आहे. व्यवसाय करणाऱ्यांच्या फर्मनें आपला स्वतःचा निराळा लोगो किंवा अक्षरांची नक्षी करून ती पाटीवर, पत्रांवर, कार्डांवर वापरूं नये. सगळ्यांचा मिळून जो लोगो आहे तोच वापरावा. सभासदाच्या राहत्या घरावर त्याच्या नांवाची पाटी पदनामासह लावण्यास हरकत नाहीं, मात्र ती व्यक्तीची पाटी असावी, फर्मची नसावी. दुकानदार लावतात तशा झगमगत्या दिव्यांच्या मोठ्या पाट्या या व्यवसायास अयोग्य मानल्या आहेत. म्हणजे आप्पांची पाटी दारावर लागूं शकत होती. फक्त थोडी उशिरां, आणि गरुडावांचून.

काकांच्या तांबड्या क्रॉसची गोष्ट याहून गंभीर आहे. तें चिन्ह डॉक्टरांचें नव्हेच. १८५९ सालीं सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमी सैनिकांचे हाल आंरी द्युनां यांनीं पाहिले; त्यांतून पुढें १८६४ सालचा जिनिव्हा करार झाला. स्वित्झर्लंडच्या निशाणाचे रंग उलटे करून पांढऱ्यावर तांबडा क्रॉस हें चिन्ह ठरलें. युद्धांत जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांवर कोणी गोळी झाडूं नये, म्हणून दुरून दिसणारी ही खूण. आपल्या देशांत १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याप्रमाणें केंद्र सरकारच्या परवानगीवांचून तें चिन्ह कोणत्याहि कामासाठीं वापरण्यास मनाई आहे. मोडणाऱ्यास पांचशे रुपयांपर्यंत दंड, आणि ज्या मालावर चिन्ह असेल तो जप्त. दंड लहान आहे, हें कबूल. परंतु दवाखान्यांवर, औषधांच्या दुकानांवर आणि गाड्यांच्या कांचांवर दिसून दिसून ज्या खुणेचा धाक गेला, ती खूण रणांगणावर एखाद्याचा प्राण कशी राखणार?

डॉक्टरांच्या पाटीचे स्वतःचे नियमहि आहेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणें पाटी वाजवीपेक्षां मोठी नसावी. तिच्यावर नांव, विद्यापीठाच्या किंवा कायद्यानें स्थापिलेल्या संस्थेच्या पदव्या, विशेष विषय आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक, एवढेंच असावें. नोंदणी क्रमांक दवाखान्यांत, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर दिसला पाहिजे. औषधांच्या दुकानावर किंवा आपण जेथें राहत नाहीं वा काम करीत नाहीं अशा जागीं पाटी लावणें अनुचित ठरविलें आहे. वकिलांचा नियम त्याहून कडक. बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमांत पाटी बेताच्या आकाराची असावी असें सांगून, आपण अमक्या संघटनेचे अध्यक्ष होतों, पूर्वीं न्यायाधीश होतों, किंवा अमुक प्रकारच्या खटल्यांत विशेष प्रवीण आहों, असें पाटीवर लिहिण्यास मनाई केली आहे. डॉक्टरानें आपला विशेष विषय लिहावा, वकिलानें लिहूं नये! एकाच घरांत नवरा-बायकोच्या पाट्यांना दोन न्याय. म्हणून शेजारच्या पाटीवरून आपली पाटी लिहूं नये. आपल्या विद्येचा नियम आपण वाचावा.

या सर्वांवर आप्पांचा प्रश्न तसाच उरतो: कोणाचें काय बिघडतें? त्याचें उत्तर आमच्या परिचयांतील एका घटनेनें दिलें. एका विधवा भगिनींना मुलाच्या परदेशच्या शिक्षणासाठीं मालमत्तेचा दाखला हवा होता. घराजवळच एका कचेरीवर तपासनिसाच्या खुणेसारखी खूण आणि मोठीं अक्षरें त्यांनीं पाहिलीं. त्या आंत गेल्या, सांगितली ती रक्कम दिली, सही-शिक्क्याचा दाखला घेऊन आल्या. तो परत आला. सही करणारा सभासदच नव्हता. दुसरा दाखला मिळवून कागद पुन्हां पाठवीपर्यंत मुदत टळली आणि मुलाचें एक वर्ष गेलें. त्या बाईंनीं निष्काळजीपणा केला असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यांनीं पाटी वाचली, आणि पाटी वाचून विश्वास टाकावा असेंच आपण सर्वांना शिकविलें आहे.

अशाच प्रकारांमुळें संस्थेनें आपल्या सभासदांच्या दाखल्यांवर अठरा अंकांचा एक क्रमांक घालण्याची पद्धत सुरू केली. त्यास 'यूडिन' म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो दाखल्यांस, आणि १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या तपासणी-अहवालांस सक्तीचा झाला. बँकेस, कचेरीस, किंवा तुम्हां-आम्हांस संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून दाखला खरा कीं खोटा हें पाहतां येतें. आमच्या वाचकांनीं असा दाखला घेतांना हा क्रमांक आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. परंतु क्रमांक तपासण्याची वेळ यावी, यांतच पाटीचा पराभव आहे. एकेका खोट्या पाटीनें शंभर खऱ्या पाट्यांचें तेज थोडें थोडें उतरतें.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस ही गोष्ट समजावयास फार तर्क लागूं नये. घराचें आडनांव घरांतील प्रत्येकाचें असतें, पण एकट्या कोणाचेंच नसतें. थोरल्या भावानें त्या नांवावर बाजारांत उधारी केली तर धाकट्याची पत जाते. चुलत्यानें दिलेला शब्द पाळला तर पुतण्याला दुकानदार विचारल्याशिवाय माल देतो. व्यवसायाचीं अक्षरें आणि चिन्ह हींहि अशीच सामाईक मिळकत आहे. १८५४ पासून अनेकांनीं रात्रीं जागून, खोट्या हिशेबावर सही नाकारून, प्रसंगीं अशीलाचा रोष पत्करून ती मिळकत जमविली. जो नवा सभासद होतो तो वाटेकरी होतो, मालक होत नाहीं. वाटेकऱ्यानें सामाईक भांड्यावर आपल्या आवडीची नक्षी काढूं नये, आणि वाटणी होण्याआधीं तें वापरूंहि नये.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती आहे. मुलांच्या यशाचें कौतुक अवश्य करावें; पेढे वांटावेत, आप्तेष्टांस बोलवावें, पाठीवर हात ठेवावा. परंतु पाटी, भेटकार्ड आणि पत्राचा कागद या तीन वस्तु ज्याच्या नांवाच्या असतील त्यालाच करूं द्याव्यात. तीन गोष्टी त्याला विचाराव्यात: अधिकाराचा क्रमांक मिळाला का? हें चिन्ह सभासदाचें कीं संस्थेचें? आणि याचा आकार व रंग नियमाप्रमाणें आहे का? उत्तर 'नाहीं' असें आलें तर थांबावें. तरुण माणूस नियम सांगूं लागला म्हणजे तो आपला आनंद मोडतो आहे असें वाटतें. खरें पाहतां ज्या विद्येसाठीं आपण त्याचें कौतुक करीत आहों, त्या विद्येचें पहिलें काम तो आपल्याच घरांत करीत असतो. खोट्या नोंदीवर सही न करणें, हेंच तर तिचें काम.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं आप्पांकडे जाऊन तो त्यांस वाचून दाखविला. नात तेव्हां घरीं नव्हती. आप्पा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उठून त्यांनीं कपाटांतली पाटी काढली, वर्तमानपत्र सोडलें, आणि गरुडावरून बोट फिरवीत म्हणाले, "हा घासून काढतां येतो का, तें कारागिराला विचारतों. अक्षरें राहूं देत. तीं थांबतील."

निरोप घेऊन आम्ही खालीं आलों. अंगणांत काकांची गाडी उभी होती. कांचेवर तांबड्या क्रॉसच्या जागीं डिंकाचा चौकोनी डाग तेवढा राहिला होता.